ठोकळ्यांची जागा

“यंत्र गप्प आहे,” खाणकंपनीच्या संचालिका म्हणाल्या, आणि लाकडी खोक्यांच्या रांगेवरून त्यांनी ते किरणोत्सार मोजणारे यंत्र पुन्हा एकवार फिरवले. खोक्यांत डोंगराच्या पोटातून छिद्र पाडून काढलेले खडकाचे दंडगोल ओळीने मांडले होते. घट्ट, करडे, निर्दोष. यंत्र मधूनच एखादी टिक करी, जशी ते कुठल्याही भिंतीपाशी करते, आणि पुन्हा मौन धरी.

भूशास्त्रज्ञाने मुद्दा सोडला नाही. मुद्दा सोडणे त्याच्या स्वभावातच नव्हते. हा डोंगर अल्कधर्मी शिलारसाचा. तो थिजल्यावर भेगांमधून उष्ण पाणी वर चढले. त्या पाण्याने खडक आतून कुजवला, मऊ केला, आणि जाता जाता दुर्मीळ मूलद्रव्ये तिथेच ठेवली. त्यांच्या सोबतीला किरणोत्सारी थोरियम, आणि यंत्राला चाहूल लागायची ती त्याचीच. हे तो वर्षानुवर्षे लिहीत, सांगत, भांडत आला होता. त्याच्याच शब्दावर छिद्रणाचा सारा लवाजमा डोंगरावर चढला होता.

“पाणी गेलंही असेल इथून,” संचालिका म्हणाल्या. “पण ठेवून काही गेलं नाही.”

“मॅडम, हे ठोकळे बघा.”

दंडगोलांच्या मधेमधे, कुठे बोटभर तर कुठे हातभर लांबीचे, लाकडी ठोकळे बसवले होते. छिद्रातला जेवढा खडक हाती लागला नाही, तेवढ्या लांबीचा ठोकळा त्याच्या जागी ठेवायचा, हा या धंद्याचा शिरस्ता.

“कुजलेला खडक नळीत टिकत नाही,” तो म्हणाला. “छिद्रणाच्या पाण्यात त्याचा गाळ होऊन वाहून जातो. आपल्याला हवा तो खडक नेमका या ठोकळ्यांच्या जागी होता.”

“मग तो गाळ दाखवा.”

तो प्रथमच अडखळला. “गाळ खड्ड्यात जातो. छिद्र पुरं झालं की खड्डा बुजवतात. त्यात सगळ्याची सरमिसळ असते, म्हणून तपासायला कुणी ठेवत नाही. मीही नाही ठेवला.”

“म्हणजे पुरावा म्हणून तुम्ही मला लाकूड दाखवताय.” त्यांनी एक ठोकळा उचलून अंगठ्याने कड चाचपली. “सुरेख घासलंय. कुणी केलं?”

“वडिलांनी. सुतार होते.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा. उद्या लवाजमा उतरवायला सांगते. यंत्र सकाळी मुख्यालयात पोचतं करा.”

बाहेर एक कामगार उरलेसुरले खडक हातोड्याने फोडत होता. भूशास्त्रज्ञ सवयीने थबकला. “तोंडाला फडकं बांध. खडकात आहे तोवर थोरियम गरीब असतो. धूळ होऊन छातीत गेला, की मग आवरत नाही.”

“साहेब, तो इथे नाहीच म्हणतात मॅडम,” कामगार म्हणाला. “मग कुणासाठी बांधू?”

त्याला हसू आले नाही. तरी कामगाराने फडके बांधेपर्यंत तो तिथून हलला नाही.

घरी दार उघडताच बायकोने क्ष-किरणांचा लिफाफा त्याच्या हाती दिला. “बाबांच्या छातीत धूळ आहे म्हणतात डॉक्टर.”

“असणारच. जन्मभर लाकूड घासलं त्यांनी.”

“मीही तेच सांगितलं. तर डॉक्टर म्हणाले, लाकडाची असती तर धंद्यात असतानाच त्रास झाला असता. धंदा सोडून घरात बसल्यावर खोकला का लागावा?”

काखेतली यंत्राची पिशवी सावरत तो मागच्या खोलीत गेला. वडील खिडकीशी बसून मातीचे वाळलेले कासव पॉलिश पेपरने घासत होते. रंधा पेलवेनासा झाला, ठोकळ्यांपुरते काम उरले, पण हातांना स्वस्थ बसणे ठाऊक नव्हते. फळीवर उंट, घुबड, बेडूक ओळीने बसले होते, सगळे लोण्यासारखे गुळगुळीत.

“काय साहेब,” मान वर न करता वडिलांनी विचारले, “बोलला का तुमचा डोंगर?”

“नाही बोलला. तुमच्या ठोकळ्यांना मात्र मॅडमनी नमस्कार सांगितलाय.”

“बघ. तुझ्यापेक्षा माझं काम पसंत पडलं.”

तो त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसला आणि पिशवी फळीवर टेकवली. यंत्र बंद करायचे त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. पिशवीतून आधी एक टिक आली, मग दुसरी, आणि मग ते असे तडतडू लागले की बायको दारात येऊन उभी राहिली. त्याने ते बाहेर काढून उंटाजवळ नेले, घुबडाजवळ नेले. काटा शेवटच्या रेघेला जाऊन थरथरत राहिला. आपण बरोबर होतो. हे सुख क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर पुरते उमटले, इतके की ते बघून वडीलही खुलले.

“बाबा, ही माती कुठली?”

“कुठली म्हणजे? ठोकळ्यांच्या बदल्यात तूच तर डोंगरावरच्या खड्ड्यातून गोण्या भरून आणलीस. कुणाच्या कामाची नाही म्हणालास.”

एवढे बोलून त्यांनी रोजच्या सवयीने कासव तोंडापाशी धरले आणि त्याच्या पाठीवरची पिठासारखी धूळ फुंकून उडवली; पाठोपाठ आलेली खोकल्याची उबळ इतकी लांबली, की तेवढा वेळ यंत्राची तडतड कुणालाच ऐकू आली नाही.