सगळ्यांच्या पुढे साहेब

"काका, तुम्ही सगळ्यात पुढे. काकू, तुम्ही सगळ्यात मागे. बाकीचे मध्ये," गाइड मुलगी म्हणाली आणि साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

नदीवरच्या लाकडी पुलापाशी मंडळी बुटांच्या नाड्या आवळत होती. साहेबांनी टोपी सारखी केली आणि बायकोकडे एक नजर टाकली. बघितलंस ना, असं त्या नजरेत स्पष्ट होतं. कारखान्यात ते सुपरवायझर होते. काचेच्या केबिनमध्ये बसून त्यांनी उभ्या जन्मात शेकडो माणसांना चालतं केलं होतं. आता निवृत्त झाले होते, पण ती निवृत्ती कारखान्यापुरती. घरी ते अजून साहेबच होते.

त्यांची बायको इस्पितळात सिस्टर होती. वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालण्यात तिची सगळी नोकरी गेली. सिस्टरांना सध्या एकच गोष्ट हवी होती. हीच गाइड पुढच्या महिन्यात काही जणांना घेऊन आठवडाभर चालत नदीच्या उगमापर्यंत जाणार होती. सिस्टरांना तिच्याबरोबर जायचं होतं. इतकी आस त्यांनी आयुष्यात कशाचीच धरली नव्हती.

साहेबांनी तोडगा काढला होता. "आधी एक दिवस खोऱ्यात चालून दाखव. मी येतो बरोबर. मागे पडलीस तर विषय बंद."

सिस्टर "बरं" म्हणाल्या होत्या. बरं म्हणण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

वाट नदीच्या काठाने वर चढत होती. साहेब छाती काढून चालत होते. फाटा आला की पाठोपाठ चालणारी गाइड "डावीकडे, काका" एवढंच म्हणायची आणि साहेब ते आपल्याला आधीच ठाऊक असल्यासारखे डावीकडे वळायचे. दर वळणावर ते थांबत. "मागच्यांना येऊ दे," असं म्हणून दरीकडे तोंड करून उभे राहत. दम खाताना देखावा बघतोय असं वाटावं, ही कला त्यांना पहिल्या तासातच साधली. मागचे बहुतेक सगळे तोवर त्यांच्या पाठीशी येऊन ठेपलेले असत, पण साहेब मागे वळून बघत नव्हते. पुढे चालणाऱ्याने मागे बघू नये, असं त्यांचं मत होतं.

मागे काय चाललं होतं ते सिस्टरांना माहीत. बँकेतल्या एका तरुणाची टाच सोलवटली, तेव्हा त्यांनी त्याला दगडावर बसवून पट्टी लावून दिली. घसरड्या उतारावर एका शिक्षिकेचे पाय लटपटायला लागले. सिस्टरांनी तिचा हात धरला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारत तिला खाली आणलं. कोणी ओढ्याकाठी चष्मा विसरलं. सिस्टर परत गेल्या, चष्मा घेतला आणि चढ चढून पुन्हा रांगेला येऊन मिळाल्या. त्यांना मजा येत होती. साहजिकच प्रत्येक थांब्यावर त्या शेवटी पोहोचत आणि साहेब प्रत्येक वेळी ते ध्यानात ठेवत.

दुपारी मंडळी धबधब्याखालच्या डोहाशी टेकली. डबे उघडले. साहेबांनी पाणी पिऊन घेतलं, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने निकाल दिला.

"बघितलंत ना सगळ्यांनी? सकाळपासून शेवटी. एकदाही पुढे नाही. अगं, मी तुझ्या भल्यासाठीच सांगत होतो. उगमाचं आता डोक्यातून काढून टाक."

सिस्टरांचा घास हातातच राहिला.

"काका," गाइड म्हणाली, "काकूंना मीच मागे ठेवलं. सगळ्यात दमदार माणूस मागे असतो. कोणी पडलं, थकलं, राहिलं, तर बघायला. पुलापर्यंत येतानाच मी काकूंची चाल बघून ठेवली होती." मग ती सिस्टरांकडे वळली. "उगमाच्या वाटेवर मला असंच मागचं माणूस हवंय. याल का?"

बाजारात साधी चादर घेतानासुद्धा सिस्टर आधी साहेबांच्या तोंडाकडे बघत. या वेळी त्यांनी बघितलं नाही.

"येईन," त्या म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.

साहेबांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. बायको दमदार निघाली, ठीक आहे, मानायला हवं. पण पुढे तर आपण होतो. एवढी एक गोष्ट धरून त्यांनी डबा संपवला.

परत निघताना गाइड म्हणाली, "चला, रांग करा." साहेब टोपी घालून पुढे सरसावले. तेवढ्यात शिक्षिकेने सहज, काही मनात न ठेवता विचारलं, "मागे दमदार माणूस, मग पुढे कोण असतं हो?"

गाइड घुटमळली. पण विचारलेलं टाळायची तिला सवय नव्हती. "सगळ्यात सावकाश चालणारं माणूस," ती म्हणाली. "त्यांच्या चालीने बाकीचे चालतात. म्हणजे ते एकटे मागे पडत नाहीत."

एकाएकी सगळ्यांना आपापल्या पिशव्यांचे बंद आवळायचं सुचलं. बँकेतला तरुण तर बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला. साहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

गाइडला वाईट वाटलं. "काका, तुम्हाला हवं तर मध्ये चाला," ती हळूच म्हणाली.

साहेबांनी मागे वळून बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच. रांगेच्या टोकाला सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावर स्वतःची पिशवी होती आणि शिक्षिकेचीही. त्या हसत नव्हत्या, रागावलेल्या नव्हत्या. फक्त निघायची वाट बघत होत्या.

"नको, मी पुढेच चालतो," साहेब म्हणाले. "ही मागे आहे ना, मग मी सावकाश चाललो तरी चालेल."