ठमीची दुपार

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या नवरा-बायकोच्या जिवाला एकच घोर होता. ते दिवसभर दुकानात असताना घरी म्हातारी ठमी मांजर एकटी काय करत असेल? शेवटी त्यांनी जंगलात लावतात तसला, समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा घ्यायचं ठरवलं.

"घरात कशाला हा?" कॅमेरेवाल्याने विचारलं.

"आमची वाघीण घरातच असते," म्हणत बायकोने त्यातला मुळीच आवाज न करणारा निवडला.

पहिल्याच संध्याकाळी दोघं चहा घेत फोटो बघायला बसले. ठमी खिडकीत. ठमी आळस देताना. मग आरामखुर्चीत, डोळे मिटून, अगदी तृप्त.

पण ती गादीवर नव्हती. गादीच्या वीतभर वर, कोणाच्या मांडीवर झोपावं तशी, हवेत पसरली होती. खुर्चीत दुसरं कोणीच दिसत नव्हतं.

नवऱ्याचा कप हातातच राहिला. बायकोने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

"म्हणजे एकटी नसते हो ती!"

तेवढ्यात आतल्या खोलीतून ठमीची समाधानाची गुरगुर ऐकू आली. बायको उशी घेऊन आत गेली, आरामखुर्चीशी वाकली आणि मायेने म्हणाली, "उठू नका, बसा. पाठीशी उशी ठेवतेय फक्त."