पांढऱ्या कडा

सकाळचा उजेड आधी खिडकीच्या गजांवर येई, मग टेबलावर, आणि मग अगदी सावकाश, नव्या पाहुण्यासारखा संकोचत, भिंतीवरच्या दिनदर्शिकेपर्यंत पोहोचे. अंथरुणात पडल्या पडल्या तो रोज या उजेडाची वाट पाही. पूर्वी गज, टेबल आणि दिनदर्शिका तिन्ही एका नजरेत मावत. हल्ली एकेकाकडे मान वळवावी लागे. काचा धुवायला हव्यात, असे तो मनाशी म्हणे. या महिन्यात त्याने त्या तीनदा धुतल्या होत्या.

वडील न्याहारीपर्यंत फिरून येत. त्यांनी तीस वर्षे रस्त्यांवर पांढरे पट्टे मारले होते आणि त्यात दोन्ही गुडघे घालवले होते. तरीही महिनाभर ते पहाटे बाहेर पडत आणि पायजम्याला कुसळे घेऊन परतत. "चाललं की गुडघे मोकळे होतात," एवढेच म्हणत. आज मात्र ते न्याहारीलाही परतले नव्हते.

तो शाळेची बस चालवी. सकाळची फेरी साडेआठला संपे, दुपारची तीनला सुटे. मधल्या वेळात, भर बारा वाजता, तो गावामागच्या डोंगरावर धावायला जाई.

"बाराच्या उन्हात डोंगर चढतो तो एक तर वेडा, नाही तर बायकोला भ्यालेला," इतर ड्रायव्हर चिडवत. "आणि तुझं तर लग्नही झालेलं नाही!"

तो हसून वेळ मारून नेई. बाराच का, हे त्याने कुणालाच सांगितले नव्हते. बारा वाजता सावल्या पायाखाली गोळा होतात. दगड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, हे तेव्हा ओळखावे लागत नाही.

महिन्यापूर्वी बसचा डावा आरसा शाळेच्या फाटकाला घासला होता. त्या रात्री त्याने स्वतःशीच एक करार केला. शिखरावरून पाण्याच्या टाकीपर्यंत न अडखळता धावत उतरता आले, तर डोळे ठीक. ज्या दिवशी पाय चुकेल, त्या दिवशी बसची किल्ली परत. बसमध्ये बत्तीस मुले असत. त्यांच्या बाबतीत त्याला स्वतःशीही लबाडी नको होती.

आणि नवल असे, की पाय एकदाही चुकला नाही. उलट वाटेवरच्या दगडांच्या कडा दिवसेंदिवस उजळ, रेखीव होत गेल्या. उतरायला वीस मिनिटे लागत, ती सोळावर आली. डोळे निवळत आहेत, असे त्याने ठरवून टाकले.

आजही तो शिखराला हात लावून वळला आणि सुटला. उजवीकडे दरी, डावीकडे कातळ, मध्ये दोन हातांची वाट. एक कड, दुसरी कड, तिसरी. पाय आपोआप पडत होते. श्वास छातीत लयीत वाजत होता. खिंडीच्या वळणावर मात्र कडा एकाएकी विझल्या. पुढे नुसता मातकट रंग होता, एकसंध, तळ नसलेल्या पाण्यासारखा. त्याला पाय आवरेनात. एक कड तेवढी लखलखीत दिसली आणि त्याने तिच्यावर झेप घेतली.

"थांब! ओला आहे तो!"

पाय सटकला. तो पालथा पडला. उजवा हात दगडावर आपटला, आणि कोपरापुढे खाली काहीच नव्हते. दोन खडे घरंगळत दरीत गेले. त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ती हाक वडिलांची होती. त्याने मान वर केली. आभाळ, एक झुडूप, कातळ.

"बाबा? कुठे आहात तुम्ही?"



"इथेच आहे," वडील हळूच म्हणाले. "तुझ्या डाव्या हाताला. हात लांब कर, लागेन."

त्याने हात लांब केला. बोटांना खांदा लागला. मग मान वळवत वळवत त्याने वडिलांना तुकड्या-तुकड्यांनी गोळा केले: लांब पसरलेला दुखरा पाय, पायजम्याची कुसळे, मांडीशी रंगाचा डबा, हातात ब्रश. त्याने स्वतःचा तळवा डोळ्यांसमोर धरला. तो पांढराशुभ्र झाला होता.

"तुझ्या बुटांनी कडांवरचा रंग झिजतो. पुन्हा द्यावा लागतो," वडील म्हणाले. "सकाळी डबा संपला. नवा घेऊन चढेपर्यंत बारा वाजले."

"कधीपासून?"

"आरसा घासलास त्या दिवशीच कळलं मला. बोलायला जीभ रेटेना रे. म्हटलं, निदान हा पडू तरी नये."

"मी पडत नव्हतो, बाबा," तो म्हणाला, "म्हणूनच बस चालवत होतो."

वडिलांच्या हातातला ब्रश गळून पडला. तो उचलायला दोघांपैकी कुणीच वाकले नाही.

त्याने खिशातून फोन काढला. शाळेच्या गाड्या पाहणाऱ्या बाईंनी तो पहिल्याच घंटीला उचलला.

"बोला डोंगराचे राजे! आज वरच मुक्काम का?"

"बाई, तीनच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर बघा."

"का रे? पाय मुरगळला की काय?"

हो म्हणणे किती सोपे होते. पाय आठवड्यात बरा होतो. खाली गाव उन्हात पसरले होते, आणि त्याला त्यातले एकच छप्पर दिसत होते, वाटीएवढे.

"पाय ठीक आहे, बाई," तो म्हणाला. "मला दिसत नाही."