दोघांचा चष्मा

"हा चष्मा तुमचा नाही, काका," अफशीन म्हणाली.

सोनाजीला वाटलं, पोरगी मस्करी करते आहे. तो पुसेगावहून हिंगोलीला आला होता तो फक्त तुटलेली काडी बसवून घ्यायला. अफशीनच्या बापानं, चष्म्याच्या दुकानवाल्या लतीफभाईनं, काडी बसवलीही होती. पण आलेच आहात तर डोळे तपासून घ्या, पोरगी शिकून आली आहे, पैसे घ्यायची नाही, असं म्हणून त्यानंच सोनाजीला मशीनसमोर बसवलं होतं.

"माझाच हाय," सोनाजी म्हणाला. "माझा आन् चांगुणाचा."

"दोघांचा?"

"दोघाचा नंबर एकच व्हता."

लतीफभाई गल्ल्यावरून हसला. "बराबर बोलले सोनाजीभाऊ. मियाँ-बीवी लई दिवस संगं राहिले की सारखेच होऊन जातात. आमच्या अब्बाचे आन् अम्मीचे गुडघेसुद्धा एकाच साली गेले. डावेच!"

"अब्बा, काहीही," अफशीन म्हणाली. "एका वयाच्या माणसांचे नंबर जवळपास येतात. त्यात नवरा-बायको असायचं काय कारण?"

"तुझं लगीन होऊ दे, मग सांगतो."

अफशीन हसली नाही. तिनं जुना चष्मा पुन्हा एकदा नंबर मोजायच्या लहान यंत्रावर ठेवून पाहिला. "काका, तुमचा नंबर याच्या निम्मा आहे. या चष्म्यानं तुम्हाला वाचायचं तर पेपर नाकाला लावावा लागत असेल."

"तसाच वाचतेत ना?"

"नाही. तसं कोणी नाही वाचत."

सोनाजीला चष्मे मिळाले तो दिवस आठवला. कनेरगाव नाक्याच्या डोळ्यांच्या शिबिरात दोघांना दोन चष्मे मिळाले होते. काळी फ्रेम, एकसारखे. त्यातला एक हळद काढायच्या दिवसांत ट्रॅक्टरखाली आला. राहिला तो कुणाचा, दोघांनाही कळेना. चांगुणानं तो डोळ्याला लावला, सुईत दोरा ओवला. मग काढून त्याच्या नाकावर ठेवला. "दिसते का?" तो म्हणाला, "दिसते." "मंग झालं की. दोघाचा नंबर एकच हाय. उगं दुसरा काहून घ्यायचा?"

तेव्हापासून एकच चष्मा. सकाळी पेपर वाचून होई तोवर त्याचा, मग निवडण-टिपण निघालं की तिचा. गावात लोक हसायचे. बायकोला हाक मारायच्या आधी सोनाजी चष्म्याला हाक मारतो, म्हणायचे. त्याला त्याचं बरं वाटायचं. नवरा-बायकोची उंची जुळते, रंग जुळतो. यांची नजर जुळली होती. चांगुणा गेली तेव्हाही त्यानं मनाशी हेच धरलं होतं. ती गेली, पण ती जसं बघायची तसं बघणारा मागं आहे.

अफशीननं त्याच्या नाकावर तपासणीची लोखंडी फ्रेम चढवली, दोन भिंगं खाली सोडली आणि मांडीवर छापील कागद ठेवला. "उचलू नका. तिथंच राहू द्या. वाचा."

सोनाजीनं खाली पाहिलं. अक्षरं सुटी सुटी उभी होती, काळीभोर. त्याच्या हातावरच्या रेघासुद्धा दिसत होत्या. तो एकदम दचकला आणि कागदावरून हात मागं घेतला.

"आता जुना लावा."

त्यानं जुना लावला. कागद मांडीवरच होता. अक्षरं एकमेकांत मिसळून गेली.

"म्हंजे ह्यो तिचा व्हता," तो म्हणाला.

"काकूंचाच असणार."

"मंग तिला यातून मांडीवरचं दिसायचं?"

"एकदम साफ."

सोनाजी चष्मा काढून बघत राहिला. ती सूप मांडीवर घेऊन तुरीच्या डाळीतले खडे काढायची. तो शेजारी बसून तोच चष्मा लावायचा, बघायचा आणि म्हणायचा, डाळच तं हाय, खडा कुठं हाय? ती म्हणायची, हाय ना, ह्यो काय. तो म्हणायचा, व्हय, हाय. खडा खरंच दिसायचा का? त्याला वाटत होतं, दिसायचा. ती बोट ठेवायची तिथं दिसायचा.

का तिनं बोट ठेवलं म्हणून तो व्हय म्हणायचा?

आणि तिला ठाऊक होतं का? ठाऊक असतं तर बोलली असती. न बोलणारी बाई नव्हती ती. पण दिसते का विचारलं तर दिसते, असं तोच म्हणाला होता. खोटं नव्हता बोलला. दिसत होतं. आता ही पोरगी म्हणते, दिसत नव्हतं.

"नवा बनवते, काका," अफशीन म्हणाली. "संध्याकाळी न्या."

"याच्यातूनच साफ दिसंल असं न्हाई का व्हत?"

"यात दुसरी भिंगं टाकू? चालेल, फ्रेम चांगली आहे."

"भिंगं ऱ्हाऊ दे. माझ्या डोळ्याचं म्हणतो. थेंब-बिंब टाकून, न्हाई तं आपरेशन. तिच्यावानी व्हईल असं."

लतीफभाईनं गल्ला बंद केला आणि बाहेर रस्त्याकडे तोंड फिरवलं.

अफशीन त्याच्यासमोर वाकली. ती हळू आवाजात, लेकराला सांगावं तसं म्हणाली, "काका, चष्मा डोळ्याला बसवतात. डोळा चष्म्याला नाही बसवता येत."

सोनाजीनं चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि मांडीवरचा कागद उचलून पार डोळ्याजवळ नेला.

"बसतो, बाई," तो कागदाच्या मागून म्हणाला. "येळ लागते."