मानाची भिंत

भुसावळच्या बॉक्सिंग हॉलमधल्या मानाच्या भिंतीवर यंदा एकाच निवृत्त बॉक्सरचा फोटो लागणार होता, त्यावरून समितीत हमरीतुमरी चालली होती. द्रौपदाबाई नवऱ्याचा फोटो छातीशी धरून बसल्या होत्या, शेजारी तो नवरा, संघपालभाऊ, छताकडे बघत होते. "पदकं यांचीच जास्त, वहिनी, पण मान आधी गेलेल्यांना. हयात माणसाला घाई कसली?" अध्यक्ष म्हणाले. टेबलावर नुकत्याच वारलेल्या बॉक्सरचा फोटो हार घालून तयारच होता. "ठोसे खाऊन खाऊन यांची आठवण पुसत चाललीय, साहेब! अजून फोटोत स्वतःला ओळखतात, तोवर लावा हो!" अध्यक्ष पुढचा कागद काढू लागले. द्रौपदाबाईंचा धीर सुटला. त्यांनी तो हार ओढला आणि नवऱ्याच्या फोटोला घातला. "घ्या, गेले हे! आता लावा!" संघपालभाऊ उठले, फोटोपुढे हात जोडून उभे राहिले. "कोण वारलं गं, द्रौपदा?"