भुसा भुंकतो का?

“भुंकतो का?” घरमालकीणबाईंनी विचारलं.

“छे हो, अजिबात नाही,” ताई म्हणाली.

“मला माहीत नाही,” तिचा धाकटा भाऊ म्हणाला. तेही खणखणीत आवाजात, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नसे.

ताईने कपाळावर हात मारला. सकाळपासूनचं हे तिसरं घर. आधीची दोन याच उत्तरापायी हातची गेली होती. पहिल्या मालकाला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. दुसरा म्हणाला, तुम्ही एकटे या, कुत्रं नको. आता ही वरच्या मजल्यावरची खोली, उजेडाची, परवडणारी, आणि गड्याला पुन्हा खरं बोलायची हुक्की आली होती.

भाऊ लाकडाच्या वखारीत आरायंत्रावर काम करायचा. त्या करकराटात त्याचे कान हळूहळू गेले ते गेलेच. समोरच्याच्या ओठांवरून तो बोलणं ओळखायचा. राहायचा वखारीमागच्या खोलीत, एकटा. भुशाच्या ढिगात सापडलेलं पिल्लू त्याने तिथेच वाढवलं. रंगही तसाच, म्हणून नाव भुसा. आता वखार विकली गेली होती आणि रविवारी खोली सोडायची होती. घर मिळालं नाही तर भुसाला ओळखीच्या एका मळ्यावर सोडायचं ठरलं होतं. म्हणजे ताईने ठरवलं होतं. ती हा विषय काढायची तेव्हा तो तिच्या ओठांकडे बघायचाच नाही.

“अरे, मी इतक्यांदा आले, मला कधी ऐकू आलं नाही,” ताई त्याच्याकडे तोंड करून म्हणाली.

“तू यायचीस दिवसा. आरा चालू असताना तुला तुझंच बोलणं ऐकू यायचं नाही. आरा थांबल्यावर भुंकत असला तर?” मग तो बाईंकडे वळला. “खोटं कशाला बोलू, बाई? उद्या तुमची झोप मोडली, की परवा आम्ही दोघं रस्त्यावर.”

बाई नर्स होत्या, कायमच्या रात्रपाळीच्या. दिवसा त्या खालच्या खोलीत झोपायच्या, आणि झोपेच्या बाबतीत कुणाची गय करायच्या नाहीत. त्यांनी भुसाकडे बराच वेळ पाहिलं. हा कोपऱ्यात पंजांवर हनुवटी टेकून पडला होता, जणू भाड्याचं बोलणं मोठ्या माणसांनी करायचं. भावाने मात्र इथेही नकारच येणार हे ओळखलं आणि तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मळ्याचा विचार करत असणार.

बाईंनी ताईला गप्प राहण्याची खूण केली. त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

बेल वाजली. भुसाचे कान ताठ झाले. ताईचा जीव टांगणीला लागला. नको रे बाबा, निदान आत्ता नको, ती मनात म्हणाली. बेल पुन्हा वाजली. मग बाईंनी दारावर मूठ आपटायला सुरुवात केली. असल्या धडधडीला एखादी मांजरसुद्धा भुंकली असती.

भुसा उठला. दाराकडे एकदा बघून त्याने सरळ पाठ फिरवली आणि खिडकीशी गेला. भावाच्या पोटरीला नाक लावलं. तो वळला नाही, तेव्हा त्याच्या शर्टाचं टोक दातांत धरलं आणि त्याला ओढत दारापर्यंत आणलं. एवढ्या सगळ्यात त्याच्या घशातून आवाज म्हणून निघाला नाही.

भावाने दार उघडलं. समोर बाई. त्याचा चेहरा उतरला.

“वाजवत होतात? किती भुंकला?”

“भुंकलाच नाही.”

त्याने ताईकडे पाहिलं. ताईनेही मान हलवली.

“असं कसं?” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. “कुणी आलं की हा मला असाच ओढून नेतो, पण ते शेवटी. मला वाटायचं, आधी बिचारा हाका मारमारून दमत असेल. मी ओ देत नाही, म्हणून मग उठून येत असेल. फार वाईट वाटायचं हो. झोपताना रोज त्याची माफी मागायचो.”

ताई नाक ओढत दुसरीकडे बघू लागली. बाईंनी चावी पुढे केली, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो खाली बसून भुसाचं तोंड दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत होता. बाईही शेजारी खाली बसल्या. त्याने मान वर करेपर्यंत थांबल्या. मग त्याला नीट वाचता यावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

“तो हाक मारतच नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, हे त्याला ठाऊक आहे.”