कोरडी धूळ

"भंगारवाला दारावरनं दोनदा गेला, त्याला हाक मारली नाय कुणी. नि आता ह्या मेल्याला बाळसं आणायला माणूस बोलावलाय!"

येसूबाई स्वयंपाकघरात पुटपुटत होत्या, पण मधली भिंत एका विटेची. पुढच्या खोलीत टेबलाखाली वाकलेल्या सुहासच्या कानात शब्द न् शब्द पडला.

"आई, हळू. ऐकतायत ते," सुनेचा, दीप्तीचा, आवाज.

"ऐकू दे. माझा पोरगा खाल्ला गो त्या डब्यानं."

सुहास वायरी सोडवत होता. त्याने पुढची वायर ओढली.

डबा म्हणजे सुशांतच्या जुन्या कम्प्युटरचं कॅबिनेट. एकेकाळी पांढरं, आता जुन्या दातांच्या रंगाचं. सुशांत, दीप्तीचा नवरा, जाऊन चार वर्षं झाली. त्याचं ऑनलाईन फॉर्म भरायचं काम आता दीप्तीला सुरू करायचं होतं आणि त्यासाठी तिला नवा कम्प्युटर हवा होता. सासऱ्यांनी, बुद्धरत्न गुरुजींनी, दोनच अटी घातल्या. आत काय हवं ते नवं भरा, पण कॅबिनेट सुशांतचंच राहील. आणि जोडणी सुहासच करील, इथे घरात, माझ्यासमोर.

महाडात कम्प्युटर दुरुस्तीची दुकानं काय कमी होती? पण गुरुजींनी शाळेत पोरांची हजेरी घ्यावी तसं त्याचंच नाव घेतलं.

सुहास सुशांतचा जिवलग. दोघांनी मिळूनच हे कॅबिनेट पनवेलहून एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. पण गेल्या चार वर्षांत त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बाजारात गुरुजी समोरून दिसले की त्याला पलीकडच्या गल्लीत हटकून काम निघायचं. आज मात्र तो ठरवून आला होता. डब्याची पत्र्याची बाजू बंद करायच्या आत बोलून टाकायचं. नाही जमलं, तर आयुष्यात जमणार नाही.

बोलायचं ते एवढंच होतं. एकवीस सालच्या पुरात, सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं त्या संध्याकाळी, त्याने सुशांतला फोन केला होता. "शाळेच्या दाखल्यांचं सगळं काम तुझ्या मशीनमध्ये आहे. आधी ते वर ने. पाच सालची रेघ अजून कंबरभर वर आहे, वेळ आहे."

महाडच्या भिंतींवर दोन हजार पाचच्या पुराची रेघ असते. पाणी आलं की माणसं त्या रेघेकडे बघून सामान हलवतात. जणू ती नदीनेच सही करून दिली आहे, याच्या वर येणार नाही म्हणून. एकवीस साली नदी ती सही विसरली.

"बरं," सुशांत म्हणाला होता. तेवढंच. तिसऱ्या दिवशी तो दासगावच्या बाजूला सापडला. कम्प्युटरच्या पायी गेला, असं गावात झालं. दीप्ती तेव्हा पोलादपूरला माहेरी अडकली होती. तिच्याही कानावर तेच घातलं गेलं.

"उघड," गुरुजी खुर्ची ओढून बसत म्हणाले.

सुहासने पत्रा सरकवला. आत राखाडी धूळ होती, पंख्यावर पिंजलेल्या कापसासारखी. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. गॅरंटीच्या चिठ्ठीवरची शाईसुद्धा शाबूत. पुरातले कम्प्युटर त्याने ढिगाने उघडले होते, सगळ्यांत चिखल. कुणीतरी पुसून ठेवला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ब्रश उचलला.

"नवा मदरबोर्ड बसेल ह्यात?"

"बसेल गुरुजी. डबे कितीही जुने असोत, स्क्रूची भोकं त्याच जागी असतात."

"सोय आहे. माणसांत नसते."

दीप्ती चहा घेऊन आली. सुहासने पितळी खुंट्या बसवल्या, त्यावर बोर्ड ठेवला, मागचा पत्रा कापून मोठ्या पंख्याला जागा केली. हार्डडिस्कच्या जुन्या खणात बिस्किटाएवढी नवी डिस्क लावली.

"एवढीशी?" दीप्ती म्हणाली. "पाहुण्यांच्या घरी अंग चोरून बसल्यासारखी दिसते."

गुरुजी हसले. स्वयंपाकघरात भांडं आदळलं.

सुहासने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला. दीप्तीने हळूच कॅबिनेटवर तळवा ठेवला. आता फक्त पत्रा लावायचा राहिला होता. तो सुहासच्या हातात होता.

"गुरुजी, त्या दिवशी सुशांतला फोन मी केला होता."

"माहीत आहे."

"डबा आधी वर ने, असं मीच म्हणालो. त्याच्यासाठीच तो खाली…"

"नेला होता त्याने."

सुहासला कळेना.

"तुझा फोन ठेवला आणि लगेच उचलला. वरच्या खोलीत आणून माझ्या पायाशी ठेवला." गुरुजींचा आवाज वर्गात असावा तसा सपाट होता. "आत बघितलंस ना आता? चिखल दिसला कुठे?"

सुहासने पत्रा जमिनीवर ठेवला. दीप्तीचा हात कॅबिनेटवरून निघाला.

"मग हे परत खाली कशाला गेले, अण्णा?"

गुरुजींनी तिच्याकडे बघितलं नाही. चार वर्षं पोटात ठेवलेलं तसंच ठेवून ते जमिनीवरचा पत्रा उचलायला वाकले.

येसूबाई दारात येऊन उभ्या होत्या. हात पदराला पुसत होत्या, पुसतच होत्या.

"सुकटीची बरणी राहिली होती गो खाली," त्या म्हणाल्या. "मीच धाडला त्याला."